टिकलीचं ताट: फक्त दाण्यावर वाढलेल्या कॉकॅटिएलला भाजीची ओळख

टिकली ही सहा वर्षांची कॉकॅटिएल मादी, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला पोपटवर्गातला छोटा पक्षी. राखाडी अंग, पिवळसर तोंड आणि गालावर फिकट शेंदरी ठिपका, त्यावरूनच तिचं नाव पडलं. पिल्लू असताना घरी आली तेव्हापासून ती मिश्र दाण्यावर होती. मिश्र म्हणायचं ते फक्त पिशवीवर लिहिलेलं म्हणून. वाटीत दाणा पडला की ती आधी सूर्यफुलाच्या बिया वेचून खायची, मग राळा, आणि बाकीचं चोचीने उडवून पिंजऱ्याच्या तळाला टाकायची. काकू ते झाडून काढायच्या आणि रिकामी वाटी पुन्हा भरायच्या. त्यामुळे सहा वर्षं ती जवळजवळ दोनच गोष्टींवर जगली होती.

मी गेली बरीच वर्षं पोपटवर्गातले पक्षी सांभाळते आणि या काका-काकूंच्या शेजारीच राहते. टिकलीला सारख्या शिंका येत होत्या, एका नाकपुडीच्या कडेला खपली धरली होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि मी त्यांना पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी चोच उघडून टाळू बघितली. पोपटांच्या टाळूला मधोमध एक फट असते आणि तिच्या कडेला बारीक टोकदार काटेवजा उंचवटे असतात. टिकलीचे ते उंचवटे झिजून बोथट झाले होते. तळपायाची खरखरीत नक्षीही गुळगुळीत झाली होती. ‘अ’ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडलं की असं होतं: तोंड, नाक, श्वासनलिका यांचं आतलं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होत जातं, तिथल्या ग्रंथी तुंबतात आणि जंतूंना आयती जागा मिळते. त्यात वजन 112 ग्रॅम. कॉकॅटिएल साधारण 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास असतात. काही अंगानेच मोठे असतात हे खरं, पण टिकलीच्या छातीचं हाड बोटाला सहज लागत नव्हतं, म्हणजे ही चरबीच होती. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीमध्ये जवळजवळ निम्मं तेल असतं. पिंजऱ्यात बसून खाणाऱ्या पक्ष्याच्या यकृतावर त्याचा भार पडतोच.

शिंकांसाठी औषध मिळालं. आहार मात्र घरी बदलायचा होता, आणि मी त्यात शिरले ती इथून.

आधी काय करून झालं होतं

काकूंनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. गाजर, काकडी, पालक यांचे तुकडे एका वाटीत घालून त्यांनी ती पिंजऱ्यात ठेवली होती. टिकली त्या दिवशी वरच्या दांडीवरून खाली उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कुणीतरी सांगितलं, दाणा बंद करा, भूक लागली की मुकाट्याने खाईल. काकांनी दाण्याची वाटी काढून घेतली.

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे, म्हणून इथे थांबून सांगते. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याची शरीरातली शिल्लक फार थोडी असते आणि त्याची चयापचयाची गती आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान. एखाद-दोन दिवसांच्या पूर्ण उपासाने त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय ज्याच्या यकृतात आधीच चरबी साठली आहे, अशा पक्ष्याला अचानक उपास घडला तर यकृत आणखी बिघडतं. टिकली संध्याकाळपर्यंत पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसली. तिची शीट अगदी थोडी, गडद हिरवी आणि चिकट झाली होती. न खाणाऱ्या पक्ष्याची शीट अशीच दिसते. शेजारची भाजीची वाटी जशीच्या तशी. काकूंनी घाबरून दाणा परत दिला, आणि त्यांनी केलं तेच योग्य होतं.

त्यानंतर पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वाचे थेंबही आणले गेले. पाण्याची चव-रंग बदलला की पक्षी पाणीच कमी पितो, पाणी लवकर खराब होतं, आणि पोटात नेमकं किती गेलं हे कळत नाही. तयार ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झालं तर अपायही होतो. उलट भाजीतलं बीटा-कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच ‘अ’ जीवनसत्त्वात बदलून घेतं. डॉक्टरांनी ते थेंब बंद करायला सांगितले.

तिला भाजी दिसत होती, ओळखत नव्हती

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “अगं, ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.”

“बघते, काकू. तिचा तुरा बघा ना.”

गाजराची वाटी आत ठेवताच टिकलीचा तुरा सरळ ताठ उभा राहिला होता. अंग बारीक करून, मान एका बाजूला वळवून ती एका डोळ्याने वाटीकडे टक लावून होती. दुर्लक्ष करणारा पक्षी असा बसत नाही. ती घाबरली होती. एक मोठी, केशरी, ओलसर, अनोळखी वस्तू तिच्या घरात आली होती, तीही नेमकी ती रोज खाते त्या कोपऱ्यात.

टिकलीला भाजी आवडत नाही असं म्हणायला काही आधारच नव्हता, कारण तिने ती कधी चाखली नव्हती. पोपटवर्गातल्या पिल्लांना काय खायचं हे जन्मजात कळत नाही. आई-बाप आणि थवा काय चोचीत घेतो ते बघून ती शिकतात. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू स्वतः खायला लागतं त्या दिवसांत जे समोर असतं ते त्याच्या लेखी अन्न ठरतं. टिकलीसमोर त्या दिवसांत फक्त दाणे होते: बारीक, कोरडे, कवचाचे, सोलून खायचे. आयुष्यभर तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं. अशा पक्ष्याला कितीही भूक लागली तरी समोरच्या गाजरात त्याला अन्न दिसत नाही, म्हणूनच उपासाचा उपाय नुसता क्रूर नाही, तो लागूही पडत नाही.

यावरून माझ्या मनात पुढचं सगळं ठरलं. दाणा चालू ठेवायचा. भाजी आधी तिच्या नजरेला सवयीची करायची, मग चोचीला, आणि पोटात जाईल ती सगळ्यात शेवटी. आणि या प्रत्येक पायरीवर तिला आधीच येणाऱ्या कशाचा तरी आधार द्यायचा.

काटा आणि वाटी

भाजीच्या आधी घरात वजनकाटा आला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वर एक छोटी दांडी बसवली की पक्षी आपणहून चढतो. वजन रोज सकाळी, पहिली मोठी शीट झाल्यावर आणि दाणा देण्यापूर्वी. काकांनी एक वही केली. दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतातच, त्यावर घाबरायचं नाही. पण 106 च्या खाली, म्हणजे मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त, झपाट्याने उतरलं तर सगळे बदल थांबवून पूर्ण दाणा द्यायचा, आणि 101 च्या जवळ अचानक आलं तर सरळ डॉक्टर, असं ठरवलं. तिचं वजन कमी व्हायला हवंच होतं, पण काही महिन्यांत, हळूहळू.

दुसरी गोष्ट वाटीची. दाणा खाणारे पक्षी कवच सोलून वाटीतच टाकतात. वरून बघितलं तर वाटी भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात ती नुसत्या टरफलांनी भरलेली असते. त्यावर फुंकर मारून बघितल्याशिवाय पक्ष्याने खाल्लं की नाही, खाली दाणा उरला की नाही, काही कळत नाही. काकू दिवसभरात चार वेळा वर थोडा दाणा घालायच्या, त्यामुळे ती किती खाते याचा कुणालाच पत्ता नव्हता. काही दिवस मोजून दाणा घातला, टरफल उडवून उरलेला पुन्हा मोजला. असा पक्षी दिवसाला साधारण दीड-दोन मोठे चमचे दाणा खातो. टिकलीही तेवढाच खात होती, फक्त दिवसभर कुरतडत.

मग जेवणाच्या वेळा ठरवल्या. रानातले कॉकॅटिएल पहाटेनंतर आणि दिवस कलताना चरतात, दुपारी बहुतेक झाडांत विसावतात. त्याच बेताने सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दाणा, तेवढाच, मोजून. दुपारी वाटी नाही. यात तिचा एकही घास कमी झाला नाही, पण सकाळी उठल्यावर खायची ओढ असलेला तासाभराचा वेळ हाताशी आला. भाजी त्या वेळात द्यायची आणि त्यानंतर काहीही झालं तरी ठरलेला दाणा द्यायचा. भाजी खाल्ली नाही म्हणून दाणा रोखायचा नाही, हे मी काकांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

ओलं पान, लाल मिरची, जमिनीवरचं ताट

पहिले काही दिवस भाजी पिंजऱ्यात गेलीच नाही. काका तिच्या समोर बसून कच्चं गाजर कडाकडा खायचे. तिला द्यायचे नाहीत, तिच्याकडे बघायचेही नाहीत. पिंजरा जेवणाच्या टेबलाजवळ हलवला होता. थव्यातला पक्षी दुसरा कोणी निवांत खाताना बघतो तेव्हा त्या वस्तूची भीती कमी होते, आणि टिकलीचा थवा म्हणजे ही दोन माणसं. तिचा तुरा आधी ताठ राहायचा, मग निम्मा, मग काका गाजर चावत असताना ती पिसं साफ करायला लागली. घाबरलेला पक्षी पिसं साफ करत नाही. आता पुढे जायला हरकत नव्हती.

कोथिंबिरीची जुडी स्वच्छ धुऊन, पाणी न झटकता, तिच्या आवडत्या दांडीशेजारी उलटी टांगली. वाटीतली भाजी आणि टांगलेली भाजी यांत फार फरक आहे. कॉकॅटिएल मोठ्या पोपटांसारखे सहसा पंजात धरून खात नाहीत, त्यामुळे मोठा सुटा तुकडा चोचीने ढकलला की घरंगळतो आणि तिथेच विषय संपतो. टांगलेलं पान जागेवर राहतं, ओढता येतं. शिवाय ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करणं हे कित्येक पोपटवर्गीय पक्ष्यांना आपसूक सुचतं.

टिकलीलाही सुचलं. बराच वेळ लांबून बघून झाल्यावर तिने मान पुढे करून कपाळाने एक पान हलवलं. पाण्याचा थेंब तिच्या तुऱ्यावर पडला. ती मागे सरकली, डोकं झटकलं, पुन्हा आली, आणि मग दोन्ही पंख अर्धे उघडून तिने आपली सगळी डावी बाजू त्या जुडीत खुपसली. आंघोळ संपली तेव्हा तिने एक देठ चोचीत धरला, चोचीच्या कडेने दोन-तीनदा दाबला आणि खाली टाकला. मग दुसरा. मग तिसरा. खाली चुरगळलेल्या देठांचा सडा पडला.

काकूंना वाईट वाटलं. “सगळं वाया घालवलंन.”

“काकू, आज तिने त्याला चोच लावली. इतके दिवस तीच अडचण होती.”

फाडणं, चुरगळणं, फेकणं यांना अनेक पाळणारे नकार समजतात आणि दोन दिवसांत भाजी बंद करतात. पक्ष्याची चोच आणि जीभ ही त्याची चाचपून बघायची साधनं आहेत. पोपटांच्या तोंडात चवीच्या कळ्या तीनशे-चारशेच्या आसपास, आपल्या मानाने अगदी थोड्या. त्यामुळे वस्तू कशी तुटते, किती कडक आहे, आत काय निघतं, याला त्यांच्या लेखी मोठं महत्त्व असतं. वहीत मी काकांना तीन वेगळे रकाने आखून दिले: बघितलं, चोच लावली, गिळलं. पहिले कित्येक दिवस तिसरा रकाना कोरा होता आणि तरीही काम पुढे सरकत होतं.

गिळल्याचा पुरावा शीट देते. एका सकाळी शीटेचा घट्ट भाग नेहमीच्या करड्या-हिरव्याऐवजी लख्ख हिरवा दिसला आणि भोवतीचं पाणी वाढलेलं. काकूंना जुलाब वाटले. पक्ष्याच्या शीटेत तीन भाग असतात: मधला घट्ट भाग, पांढरा युरेट (लघवीतलाच घट्ट भाग) आणि पातळ लघवी. पाणीदार पालेभाजी खाल्ली की फक्त पातळ भाग वाढतो. मधली वळकटी आकार धरून असेल तर काळजी नसते. तीच विरघळून पसरट झाली तर मात्र डॉक्टर.

कोथिंबिरीनंतर गाडी अडली. गाजर, भोपळा, ब्रोकोली यांना ती जवळ येऊ देईना. बारीक चिरलेली, ओली, एकत्र कालवलेली भाजी वाटीत दिली की एक तुकडा उचलायची, तो चोचीला चिकटायचा, ती तिरकी होऊन चोच दांडीला दोन्ही बाजूंनी घासून पुसायची आणि निघून जायची. हे बघितल्यावर भाजी चिरून कपड्यावर पसरून कोरडी करायला लागलो, आणि तुकडे दाण्याएवढे केले. चिकटणं थांबलं, पण गोडी लागली नाही.

कोंडी फोडली ती मिरचीने. ताजी लाल मिरची उभी चिरून, आतल्या बिया दिसतील अशी, दांडीजवळ चिमट्याने लावली. चपट्या, फिकट, ओळीने बसलेल्या बिया! टिकलीच्या डोळ्यांना सहा वर्षांत पहिल्यांदा भाजीच्या आत ओळखीचं काही दिसलं असावं. फारसं न बिचकता तिने एक बी खुडली, सवयीप्रमाणे जिभेने फिरवली आणि खाल्ली. मग दुसरी. बिया गराला चिकटलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक बीबरोबर लाल गराचा कण चोचीत जात होता. बिया संपल्यावर ती त्या जागी राहिलेला गरच कुरतडू लागली.

मिरची म्हटल्यावर काका दचकले होते. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे जाणवतो, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही. म्हणून पक्षी मिरच्या बिनदिक्कत खातात आणि त्यांच्या बिया दूरवर पसरवतात. आणि पिकलेली लाल मिरची बीटा-कॅरोटीनने भरलेली असते, म्हणजे टिकलीला जे हवं होतं नेमकं तेच. सावध राहायचं ते आपण: मिरची खाल्लेल्या पक्ष्याने लगेच गालाला चोच घासली की आग होते. काकूंनी ती एकदा अनुभवली. तिखट नको असेल तर लाल ढोबळी मिरची तितकीच चांगली, तीही बियांच्या गाभ्यासकट, हिरवं देठ काढून.

तिसरा आधार जमिनीचा होता. कॉकॅटिएल हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या मोकळ्या माळांवरचे पक्षी. ते बहुतेक अन्न जमिनीवर चालत, गवताचं बी वेचत खातात. उंच दांडीजवळच्या खोल वाटीत तोंड घालणं ही पिंजऱ्यातली सोय आहे. आम्ही एक सपाट, कडा नसलेलं ताट घेतलं, त्यावर मेथी आणि लाल ढोबळी मिरची दाण्याएवढी चिरून पसरली, आणि सकाळच्या मोजलेल्या दाण्यातला थोडा वरून शिंपडला. टिकलीला बाहेर सोडलं. काका शेजारी जमिनीवर बसून बोटाने ताटात टोकटोक करू लागले. ती पळत आली. दाणा वेचताना पानाचे तुकडे बाजूला सारत होती, काही चोचीत जात होते, काही पडत होते. हळूहळू ताटातला दाणा कमी आणि पाला जास्त करत गेलो, आणि पडणारे तुकडे कमी होत गेले.

मोड आणलेले दाणेही या काळात दिले. राळा किंवा बाजरी भिजवून, दिवसातून दोन-तीनदा धुऊन, पांढरं टोक जेमतेम बाहेर डोकावलं की लगेच द्यायची. पक्ष्याला ओळखीचा दाणाच दिसतो, पण आता तो मऊ, ओला आणि ताजा असतो, त्यामुळे ओलं अन्न खायची सवय लागते. मात्र मोड हे बुरशी आणि जंतूंचं आवडतं ठिकाण आहे. जराही आंबूस वास आला, बुळबुळीत लागलं, तर सगळे टाकून द्यायचे. काकू वास घेऊन खात्री करायच्या, तरच मी मोड देऊ दिले. ज्या घरात एवढं लक्ष देणं जमत नाही तिथे मोड नकोतच.

काय द्यायचं याबद्दल थोडं

गडद हिरवं आणि केशरी-लाल, एवढा एक नियम डोळ्यांसमोर ठेवला तर फारसं चुकत नाही. कोथिंबीर, मेथी, लाल मिरची, गाजर, भोपळा, रताळं, ब्रोकोलीचे तुरे. रताळं आणि भोपळा वाफवून गार केलेला चालतो, मीठ-तेल काही नाही. काकडीत 95 टक्के पाणी. द्यायला हरकत नाही, पण ती देऊन भाजी दिली असं समजू नये. पालक आणि बीटाचा पाला यांतल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं, म्हणून कधीतरी, थोडा. टिकली मादी असल्याने, अंड्यांसाठी कॅल्शियम लागत असल्याने, हे आम्ही कटाक्षाने पाळलं आणि समुद्रफेणाचा तुकडा पिंजऱ्यात कायम ठेवला.

अॅव्होकॅडो अजिबात नाही, त्यातल्या पर्सिन या विषारी घटकाने पक्षी मरतात. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, खारवलेलं काहीही, कच्चे वाल-राजमा, टोमॅटोचा पाला आणि सफरचंदाच्या बिया घरातून पक्ष्याच्या वाटेला जाऊ द्यायच्या नाहीत. भाजी वाहत्या पाण्याखाली चांगली धुवायची, आणि दोन तासांनी उरलेली उचलून टाकायची. उकाडा असेल तर त्याआधीच.

मध्येच पिसं झडली

सगळं सुरळीत चाललेलं असताना टिकलीची पिसं झडायला लागली. पिंजऱ्याखाली करडी पिसं, डोक्यावर नव्या पिसांच्या काड्या, आणि ती चिडचिडी, सुस्त. वजन 105 वर आलं, तेही लवकर. पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. नवी पिसं घालताना पक्ष्याच्या शरीरावर ताण असतो. आम्ही नवीन भाज्या आणणं बंद केलं, दाणा पूर्वीइतका केला, तिला आवडणारी कोथिंबीर आणि मिरचीच फक्त चालू ठेवली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा अधूनमधून दिला. काकांना वाटत होतं की कमावलेलं सगळं जाईल. वजन सावरलं, पिसं आली, आणि ताट पुन्हा मांडल्यावर ती सोडलं होतं तिथूनच पुढे खाऊ लागली. पक्षी आजारी असताना, पिसं बदलत असताना, अंड्यावर असताना किंवा घर बदललं असताना आहारातला नवा बदल सुरू करू नये, हे मी प्रत्येकाला सांगते. त्या काळात थांबल्याने नुकसान होत नाही.

एक बारीक गोष्ट याच सुमारास लक्षात आली. काकू प्रेमाने भोपळा कोमट करून देत होत्या आणि टिकली कपाटाखाली कोपरे धुंडाळायला, कागद कुरतडायला लागली. कोमट, मऊ अन्न भरपूर मिळू लागलं की मादीच्या शरीराला विणीचा हंगाम आल्यासारखं वाटतं. भोपळा गार करून, तोही कमी द्यायला लागलो, कपाटाखालची जागा बंद केली, आणि ती वागणूक ओसरली.

सध्या

टिकलीचं वजन आता 99-100 च्या आसपास स्थिर आहे आणि छातीचं हाड बोटाला लागतं. शिंका थांबल्या आहेत. गेल्या तपासणीत टाळूचे उंचवटे पूर्वीपेक्षा टोकदार दिसले. ते पूर्ण पहिल्यासारखे होतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पाठीवरची पिसं चकाकतात. पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणारं गोळीवजा खाद्य, सुरू करायचे का, यावर बोलणं चालू आहे. माझ्या मते करावेत, पण दाणा एकदम काढू नये, आणि भाजीची सवय आणखी पक्की होऊ द्यावी.

कोथिंबीर, मेथी, दोन्ही लाल मिरच्या, वाफवलेलं रताळं आणि मक्याचं कोवळं कणीस ती मनापासून खाते. किसलेलं गाजर खाते, चिरलेलं खात नाही. ब्रोकोलीचे तुरे फक्त टांगले तरच. दुधी आणि मटार अजून पहिल्या रकान्यात आहेत, नुसतं बघणं. काका दर आठवड्याला त्यातला एक ताटाच्या कडेला ठेवतात, तिने हात लावला नाही तर काही न बोलता उचलतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेवतात. सूर्यफुलाच्या बिया आता वाटीत नसतात. काका त्या एकेक करून हातावरून देतात, ती वजनकाट्यावर चढली की.